दुर्बिणीची फुली आणि नळीचा रोख
रायफलीवर नवी दुर्बीण बसविली, म्हणजे तिची फुली व नळीचा रोख आपोआप जुळतात असें नाहीं. हा मेळ घालण्यास साधन कोणतें निवडावें? बोल्ट निघणाऱ्या रायफलीस डोळाच पुरतो. रिकामी रायफल वाळूच्या पिशव्यांवर स्थिर ठेवून सुमारें २५ यार्डांवरील लक्ष्य नळींतून पाहावें आणि ती न हलवितां फुली त्यावर आणावी. मागून नळींत पाहतां येत नसेल, तर नळीच्या तोंडाशीं बसणारा कॉलिमेटर किंवा काडतुसाच्या आकाराचा, त्याच मापाचा लेसर घ्यावा. लेसरचा ठिपका मात्र उन्हांत दिसेनासा होतो. कोणतेंही साधन गोळी झाडण्यापूर्वीं काढलेंच पाहिजे. तें विसरल्यास नळी फुटून जिवावर बेततें. अखेरचा निवाडा कागदावरील गोळीचें छिद्रच देतें.