आजीच्या ओव्या आणि शोधयंत्र

गेल्या वर्षी मराठी विभागाच्या प्रकल्पासाठी मी माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या. वर्गातल्या एका मित्राने त्या संकेतस्थळावर चढवून दिल्या. आजीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग दाखव की गं, कुठं हायेत त्या!" मी मोबाईलवर गूगलमध्ये एका ओवीचे पहिले चार शब्द घातले. भलभलती पाने आली. आजीची ओवी काही आली नाही. "एवढ्या मोठ्या यंत्राला माझी ओवी सापडंना व्हय?" असे म्हणून आजी हसली. मी मात्र ओशाळले.

मग हे शोधयंत्र चालते तरी कसे, याच्या मागे लागले. जे समजले ते वाचकांपुढे ठेवते.

आपण शब्द घातला की यंत्र त्या क्षणी सारे जग धुंडाळते, अशी आपली समजूत असते. वस्तुतः धुंडाळण्याचे काम आधीच झालेले असते. 'क्रॉलर' नावाचा प्रोग्रॅम माहीत असलेल्या पानांपासून निघतो. पान वाचतो, त्यावरचे दुसऱ्या पानांकडे नेणारे दुवे टिपून यादीत घालतो आणि एकेक करून तिकडे जातो. गावोगाव फिरणाऱ्या वासुदेवासारखेच हे. ज्या वस्तीला वाटच नाही तिथे तो पोचणार कसा? आमच्या पानांकडे नेणारा एकही दुवा कुठे नव्हता! उलट, 'इकडे येऊ नका' अशी पाटी लावण्याची सोयही १९९४ पासून आहे, आणि सभ्य क्रॉलर ती पाळतात.

दुसरी पायरी सूचीची. जाड संदर्भग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते, तशीच ही. समजा, 'जाते' हा शब्द ३, १७ व ५२ या पानांवर आहे आणि 'ओवी' हा १७, ५२ व ९० वर. दोन्ही शब्द विचारले, की यंत्र दोन्ही याद्यांत असलेली १७ व ५२ ही पाने काढून देते. उत्तर क्षणात येते ते यामुळे. मराठीत मात्र 'जाते', 'जात्यावर', 'जात्याने' हे एकाच शब्दाचे अवतार आहेत, हेही यंत्राला शिकवावे लागते.

तिसरी पायरी क्रमाची. स्टॅनफर्ड विद्यापीठातील सर्गेई ब्रिन व लॅरी पेज या दोन विद्यार्थ्यांनी १९९८ साली मांडलेल्या पद्धतीत दुवा म्हणजे शिफारस. आणि वजनदार पानाने केलेली शिफारस अधिक मोलाची. त्या वेळी त्यांच्या यंत्रात सुमारे २ कोटी ४० लाख पाने होती. आज क्रम लावताना इतरही पुष्कळ गोष्टी पाहिल्या जातात.

पण आमची खरी गोम निराळीच होती. निम्मी पाने म्हणजे माझ्या वहीचे फोटो होते. चित्रातली अक्षरे ओळखणारी यंत्रे आहेत. पण माझ्या हस्ताक्षराचा भरवसा कोण देणार? उरलेली पाने जुन्या फाँटमध्ये होती. त्यात रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी अक्षरांचे नुसते आकार चढवलेले असतात. आपल्याला 'ओवी' दिसते, यंत्राला मात्र निरर्थक रोमन अक्षरे! १९९१ साली निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला स्वतःचे क्रमांक मिळाले होते. ते आम्ही वापरले नव्हते, इतकेच.

दिवाळीच्या सुट्टीत मी साऱ्या ओव्या युनिकोडमध्ये पुन्हा टंकलिखित केल्या. विभागाच्या पानावरून दुवा दिला आणि पानांची यादी शोधयंत्राकडे धाडली. काही आठवड्यांनी तेच चार शब्द घातले, तर आजीची ओवी सर्वांत वर! आजीने चष्मा लावून ती वाचली आणि म्हणाली, "दुसऱ्या ओळीत एक शब्द चुकलाय बघ."

तो शब्द मी सुधारला. आपल्या ग्रंथालयाच्या कपाटांत या वार्षिकाचे जुने अंक आहेत. त्यांतलेही शब्द कुणीतरी असेच वाटेवर आणून ठेवायला हवेत. जे सूचीत नाही ते नाहीच, असे मानणारी पिढी आता वर्गात बसते आहे. मीही तिच्यातलीच!