वळणावर गाडी घर्र करते? आधी ऐका, मग खोला

व्यापाऱ्याच्या दारातली गाडी ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. भिवंडीहून ताके उचलणे, मालेगावला वसुलीला जाणे, गिऱ्हाइकाला नमुने दाखवणे, सारे तिच्यावरच चालते. गाडी एक दिवस उभी राहिली की त्या दिवसाचा धंदा बसलाच म्हणून समजा. असे असूनही मीटरमीटरचा हिसाब ठेवणारे आम्ही कापडवाले गाडीच्या बाबतीत मात्र मेकॅनिक सांगेल ती पूर्व दिशा मानतो आणि नको ते सामान बदलून बसतो.

आमच्या यंत्रमागाच्या धंद्यात अनुभवी जॉबर मागाजवळ आल्याबरोबर पाना उचलत नाही. आधी उभा राहून ऐकतो, बिघाड कुठे आहे याचा अंदाज घेतो, मगच हात घालतो. गाडीलाही हाच नियम लागू आहे. सरळ रस्त्यावर गप्प असलेली गाडी वळणावर घरघरू लागली, तर तो आवाज केव्हा येतो, एवढे नीट पाहिले तरी निम्मा शोध लागतो.

आवाज वळणावरच का?

वळताना गाडीचे वजन बाहेरच्या बाजूच्या चाकांवर झुकते. पुढची चाके तिरपी होतात. आणि ज्या गाडीत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते, तिथे ती तिरप्या चाकापर्यंत पोहोचवावी लागते. ही तीन कामे वेगवेगळे भाग करतात. म्हणून प्रत्येकाचा आवाजही वेगळा.

ॲम्बेसेडर आणि पद्मिनी या जुन्या गाड्यांत ताकद मागच्या चाकांना जात असे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांनी ओढणारी गाडी गल्लोगल्ली दिसू लागली. अशा गाडीत एक्सलच्या टोकाला सीव्ही जॉइंट असतो. त्यात पोलादी गोळ्या ग्रीसमध्ये फिरतात आणि वरून रबरी बूट चढवलेला असतो. बूट फाटला की ग्रीस बाहेर उडते, धूळपाणी आत शिरते आणि जॉइंट झिजू लागतो. सुरुवातीला पूर्ण वळणावर ‘कट-कट’ ऐकू येते, दुर्लक्ष केले तर पुढे खरखर सुरू होते. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून हळूहळू ॲक्सिलरेटर द्यावा, आधी डावीकडे, मग उजवीकडे. आवाज हमखास आला तर संशय इथेच.

बूट नुकताच फाटलेला असताना लक्षात आले, तर नवा बूट व नवे ग्रीस यांवर काम भागते. उशीर केला तर जॉइंट किंवा सबंध एक्सल बदलावा लागतो. मात्र मारुती ओम्नी किंवा इको असेल तर तिची ताकद मागच्या चाकांना जाते, पुढच्या चाकांना असा एक्सल नसतोच. तेव्हा इकोचा पुढचा एक्सल गेला असे कोणी सांगू लागला, तर त्याला तो दाखवायला सांगावा.

बेअरिंग आणि ब्रेक

आवाज वेगाबरोबर वाढत असेल, क्लच दाबला तरी बदलत नसेल, आणि मोठ्या वळणावर एका बाजूला वाढून दुसऱ्या बाजूला कमी होत असेल, तर चाकाचे बेअरिंग पाहावे. डावीकडे वळताना घरघर वाढली तर बहुधा उजव्या चाकाचे, कारण वजन तिकडे जाते. जॅकवर उचललेले चाक हाताने फिरवले तर खरखर लागते, वर-खाली धरून हलवले तर ढिलाई कळते. हे करताना हँडब्रेक ओढावा, बाकीच्या चाकांना दगड लावावेत आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये. बेअरिंग हातोड्याने ठोकून नव्हे, प्रेसवर बसवून घ्यावे.

ब्रेक हलका दाबताच आवाज बदलला तर पॅड झिजून लोखंडावर लोखंड घासत आहे काय, हे पाहावे. कधी कधी डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यात खडा अडकतो. आमच्या परिचयाच्या एका व्यापाऱ्याला एका गॅरेजने दोन्ही एक्सल बदलायला सांगितले होते. दुसऱ्याने चाक काढून खडा बाहेर काढला आणि गाडी शांत झाली.

गाडी उभी असताना नुसते स्टिअरिंग फिरवले तरी आवाज येतो काय? मग शॉकॲब्सॉर्बरच्या वरचे बेअरिंग तपासावे. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग असेल तर त्याच्या तेलाची पातळीही पाहावी. इलेक्ट्रिक स्टिअरिंगला असे तेल नसते. रुंद टायर बसवले असतील किंवा गाठींचा भार जास्त झाला असेल, तर टायर मडगार्डच्या आतल्या पत्र्यालाही घासतो. तिथे घासल्याची चकाकी दिसते.

थांबायचे केव्हा?

आवाजाबरोबर स्टिअरिंग ढिले लागले, चाक डगमगले किंवा ब्रेक कमी लागू लागला, तर गाडी पुढे नेऊ नये, टो करून न्यावी. बॉल जॉइंट निसटला तर चाक आडवे पडू शकते, आणि बेअरिंग पार गेले तर चाकाचाच भरवसा उरत नाही. गाठी उद्याही पोहोचतील, पण गाडीत आपला ड्रायव्हर बसलेला असतो, त्याच्या घरचे लोक त्याची वाट पाहत असतात.

गॅरेजला जाताना

एका चिठ्ठीवर लिहून न्यावे : आवाज कोणत्या बाजूला वळताना येतो, किती वेगाला, ब्रेक दाबल्यावर काय होते, गाडी भरलेली होती की रिकामी. मेकॅनिकला शेजारी बसवून एक फेरी मारावी आणि आवाज ऐकवावा. सामान बदलण्यापूर्वी बिघाड दाखवायला सांगावे, जुना भाग परत घ्यावा, बिलावर सामानाचे नाव लिहून घ्यावे. काम झाल्यावर त्याच वळणावर पुन्हा फेरी मारावी आणि मगच पैसे चुकते करावेत. चांगल्या कारागिराला याचा राग येत नाही, उलट त्याचे काम सोपे होते. आणि महिन्यातून एकदा, स्टिअरिंग पूर्ण वळवून, चाकामागच्या रबरी बुटावर बॅटरीचा उजेड टाकून पाहावा. ग्रीसचे शिंतोडे दिसले, तर त्याच आठवड्यात गॅरेज गाठावे.