अ‍ॅसिटिलकोलीन वाढवणारी आणि अडवणारी औषधे

अ‍ॅसिटिलकोलीन हे मज्जातंतूंच्या टोकांतून स्रवणारे रसायन. तोंडाला लाळ सुटते, आतडी हलतात, लघवी होते, डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात, हृदयाचे ठोके मंदावतात, हातापायांचे स्नायू आवळतात, ते त्याच्याच निरोपावर. १९२१ मध्ये ऑटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयाकडे जाणारा मज्जातंतू उत्तेजित करून त्या हृदयाचे ठोके मंद केले. मग त्या हृदयातला द्रव दुसऱ्या हृदयाला दिला, तर तेही मंदावले. मज्जातंतू रसायनाच्या मार्फत काम करतात, याचा तो पुरावा होता. लोवी आणि हेन्री डेल यांना त्यासाठी १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

निरोप पोहोचला, की कोलिनेस्टरेज नावाचे एन्झाइम हे रसायन लगेच मोडून टाकते. या रसायनाचे काम वाढवणाऱ्या, म्हणजे कोलिनर्जिक, औषधांपैकी काही अ‍ॅसिटिलकोलीनसारखीच वागतात. काचबिंदूत डोळ्यातला दाब उतरवणारे पायलोकार्पिन हे त्यांपैकी एक. बाकीची त्या एन्झाइमला रोखतात, म्हणून आहे तेच रसायन जास्त वेळ टिकते. मायस्थेनिया ग्रेव्हिस या आजारात पापण्या मिटू लागतात, घास गिळवत नाही. १९३४ मध्ये मेरी वॉकर यांनी या आजारात फायसोस्टिग्मिन या एन्झाइम रोखणाऱ्या औषधाचा गुण दाखवून दिला. आज त्यासाठी पायरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या देतात. स्मृतिभ्रंशातले डोनेपेझिलही याच कुळातले.

मोनोक्रोटोफॉससारखी ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकेही हेच एन्झाइम बंद पाडतात, पण पार निकामी करून. त्वचेतून किंवा श्वासातून ती अंगात गेली, की लाळ, घाम, उलट्या, जुलाब सुरू होतात, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात आणि फुप्फुसे स्रावाने भरून येतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक जण दगावले. तिथे फवारलेल्या औषधांत या वर्गातली कीटकनाशकेही होती.

या विषावरचा मुख्य उतारा अ‍ॅट्रोपिन. ते अ‍ॅसिटिलकोलीनची जागा अडवते, म्हणून ते अँटिकोलिनर्जिक. एरवी त्याचे ०.६ मिलिग्रॅमचे एक इंजेक्शनही पुरते. इथे मात्र छातीतला स्राव सुकेपर्यंत मात्रा दर काही मिनिटांनी दुप्पट करत न्यावी लागते. तरीही लुळ्या पडलेल्या श्वसनाच्या स्नायूंवर त्याचा इलाज चालत नाही. तिथे व्हेंटिलेटरच लागतो. म्हणून फवारणी करणाऱ्याला मळमळू लागताच किंवा घाम सुटताच भिजलेले कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि औषधाच्या डब्यासह थेट रुग्णालय गाठावे.

धोतऱ्यातही अ‍ॅट्रोपिन आणि स्कोपोलामिन असतात. धोतऱ्याचे बी पोटात गेले तर घसा कोरडा पडतो, अंग तापते, बाहुल्या विस्फारतात आणि माणूस बरळू लागतो. हाच गुण नेमक्या मात्रेत कामी येतो: पोटातल्या कळांवर डायसायक्लोमिन, दम्यात श्वासनळ्या मोकळ्या करायला इप्राट्रोपियम, लघवीची घाई आवरायला ऑक्सिब्युटिनिन. सर्दी-खाजेवरच्या जुन्या गोळ्यांतही हा परिणाम लपलेला असतो.

म्हातारपणी तो जड जातो. बद्धकोष्ठ होते, प्रोस्टेट वाढलेल्याची लघवी तुंबते, काही प्रकारच्या काचबिंदूत डोळ्यातला दाब एकाएकी चढतो. भ्रमही होतो आणि घरचे त्याला वयाचा दोष समजतात. कधी स्मृतीसाठी डोनेपेझिल एक डॉक्टर देतात, लघवीसाठी ऑक्सिब्युटिनिन दुसरे, आणि दोन्ही गोळ्या एकमेकींचे काम हाणून पाडतात. घरातल्या वृद्धांना डॉक्टरांकडे नेताना त्यांच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे, दुकानातून स्वतः आणलेलीसुद्धा, सोबत न्यावीत.