दाताची पकड

दात हिरडीत रुतलेला असतो, असा सर्वसाधारण समज आहे. खरे तर तो जबड्याच्या हाडातल्या खोबणीत बसलेला असतो, आणि तिथेही हाडाला चिकटलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यात पाव मिलिमीटरहूनही अरुंद फट असते. तिथले असंख्य चिवट तंतू एका टोकाने मुळात, तर दुसऱ्या टोकाने हाडात रोवलेले असतात. दात या तंतूंच्या झोळीत तोललेला असतो, म्हणूनच चावताना बसणारा दाब हाडावर एकदम आदळत नाही. या झोळीत मज्जातंतूंची टोकेही असतात. भातातला बारीकसा खडा दाताखाली येताच जबडा आपोआप थबकतो, तो त्यांच्यामुळे.

मग हिरडीचे काम काय? ती या सगळ्या बांधणीवरचे झाकण आहे. दाताच्या मानेभोवती ती घट्ट बसते आणि तोंडातल्या जिवाणूंना आत उतरू देत नाही. तिच्या कडेला एक ते तीन मिलिमीटर खोल खाच असते. दुखणे सुरू होते ते इथे. निरोगी हिरडी गुलाबीच असते असे नाही. सावळ्या माणसाच्या हिरडीवर तपकिरी-काळपट छटा असणे अगदी स्वाभाविक आहे. लालभडक, फुगीर, चकचकीत हिरडी मात्र आजारी समजावी.

दातांवर जिवाणूंचा बुळबुळीत थर रोज साचतो. तो तसाच राहिला तर लाळेतल्या क्षारांमुळे काही दिवसांत टणक होतो, हेच कीटण. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ते सर्वाधिक धरते, कारण लाळेच्या मोठ्या ग्रंथींची तोंडे तिथेच जिभेखाली उघडतात. या थराचा आणि हिरडीच्या सुजेचा संबंध १९६५ मध्ये हेराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये दाखवून दिला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना त्यांनी दात घासणे बंद करायला लावले. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्याच हिरड्या सुजल्या. घासणे पुन्हा सुरू केल्यावर आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या.

सूज हिरडीपुरती असेतोवर ती अशी मागे फिरते. ती आत उतरली की जिवाणूंशी चाललेल्या झटापटीत शरीर आपलेच तंतू आणि हाड झिजवू लागते. गेलेले हाड आपणहून भरून येत नाही. हाच पायोरिया. तो फारसा दुखत नाही, म्हणून दात हलू लागेपर्यंत अनेकांना पत्ताच नसतो. लवकर मिळणारी ठळक खूण म्हणजे घासताना येणारे रक्त, आणि नेमके ते दिसताच लोक तिथे ब्रश लावणे सोडतात!

तंबाखू ही खूणही पुसून टाकते. तिच्यामुळे हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी येते आणि आतली झीज झाकली जाते. महाराष्ट्रात अनेक बायका तव्यावर तंबाखू भाजून केलेली काळी मिश्री हिरड्यांवर चोळतात. दात बळकट होतात या समजुतीने सुरू झालेली ही सवय हिरड्यांच्या मुळावर येते. मधुमेहाचे नाते दुहेरी आहे: वाढलेल्या साखरेने हिरडी बिघडते आणि बिघडलेल्या हिरडीमुळे साखर आटोक्यात ठेवणे अवघड जाते. गरोदरपणात संप्रेरकांमुळे थोड्याशा थरानेही हिरड्या फुगतात.

घासण्यासाठी मऊ ब्रश हवा. तो हिरडीच्या कडेशी तिरपा टेकवून हलक्या हाताने, जागच्या जागी थरथरवल्यासारखा फिरवायचा. जोर लावल्याने हिरडी मागे सरकते आणि मूळ उघडे पडते. दोन दातांमधल्या फटीत ब्रश पोचत नाही. तिथे दोरा किंवा बारीक ब्रश लागतो.

एकदा जमलेले कीटण मात्र घरच्या घासण्याने निघत नाही, ते दंतवैद्याकडेच काढावे लागते. कीटण काढल्याने दात सैल होतात ही तक्रार नेहमीची. वर्षानुवर्षांचे कीटण दातांना बाहेरून टेकू देत असते. ते निघाले की फटी उघड्या पडतात आणि आधीच झालेली झीज जाणवू लागते.