अनोळखी उस्ताद

संगणकाला कामं सांगण्याची भाषा शिकू लागलेल्या माणसाचे पहिले काही महिने फार एकटेपणाचे असतात. सी नावाच्या भाषेत प्रत्येक विधानाच्या शेवटी अर्धविराम द्यावा लागतो. आम्हा कवींना अर्धविराम म्हणजे चैनीची वस्तू. दिला काय, न दिला काय, शेर काही पडत नाही. यंत्राचं तसं नाही. एक अर्धविराम राहिला की सगळं काम थांबतं. त्यातून गंमत अशी, की पुष्कळदा चूक असते एका ओळीत आणि यंत्र बोट दाखवतं पुढच्या ओळीकडे. पुढची ओळ वाचायला घेईपर्यंत मागची संपलेली नाही हे त्याला कळतच नाही. नवशिका मग त्या पुढच्या ओळीकडे टक लावून बसतो. ती ओळ तर बरोबरच असते. रात्रीचे दोन वाजतात. शेजारी एखादा माहीतगार असता तर दोन मिनिटांत सुटणारी ही गाठ. पण सगळ्यांच्या शेजारी माहीतगार राहत नाही.

अशा वेळी जगाच्या पाठीवरचा कुणीतरी, ज्याचं नाव-गाव आपल्याला ठाऊक नाही, लिहून कळवतो की बाबा रे, मागच्या ओळीचा शेवट बघ. पैसे घेत नाही, ओळख विचारत नाही, जात-धर्म विचारत नाही. आज मला या माणसांविषयी बोलायचं आहे. मी कविता लिहिणारा, बी.ए. झालेला माणूस. संगणकशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. पण ऋण मानायला पदवी कशाला हवी?

ही रीत इंटरनेट घराघरांत पोहोचण्याच्या आधीपासूनची आहे. १९७९ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांनी एक कल्पना काढली. विद्यापीठांचे संगणक टेलिफोनच्या तारेवरून एकमेकांना जोडायचे आणि इकडे साठलेला मजकूर तिकडे ढकलायचा. पुढच्या वर्षी ती चालू झाली. तिचं नाव यूजनेट. विषयवार कट्टे पडले. एकानं प्रश्न टाकायचा, ज्याला येतं त्यानं उत्तर द्यायचं, आणि बाकीच्यांनी वाचायचं. हे शेवटचं, बाकीच्यांनी वाचण्याचं, मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. त्याकडे मी पुढे येईन.

याच कट्ट्यांपैकी एकावर ३ जुलै १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्यानं विचारलं, की अमुक एका प्रमाणाचे नियम मला कुठे वाचायला मिळतील? प्रश्न साधा होता. विचारणारा होता लायनस टोरवाल्ड्स, वय वर्षं २१. त्याच वर्षी २५ ऑगस्टला त्यानं तिथेच कळवलं, की मी छंद म्हणून संगणकाची एक कार्यप्रणाली लिहितो आहे, तुम्हाला तीत काय असावंसं वाटतं? तिचंच पुढे लिनक्स झालं. आज आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी तेच आहे. लिनक्सच्या जन्मकथेत लोक ऑगस्टमधली घोषणा सांगतात. मला जुलैमधला प्रश्न जास्त आवडतो.

आता जिथे शिकणारे येतात तिथे तेच तेच प्रश्न पुन्हा येणार. सी भाषेच्या कट्ट्यावर स्टीव्ह समिट या गृहस्थांनी १९९० पासून नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं एकत्र करून ठेवायला सुरुवात केली. ती यादी वाढत वाढत पुढे पुस्तक झाली. ही यादी पाहिली तेव्हा मला सुरेश भटांची 'गझलेची बाराखडी' आठवली. काफिया म्हणजे काय, रदीफ कशाला म्हणतात, अलामत कशी सांभाळायची, हे नव्या पोरांना कुणीतरी एकदा नीट मांडून द्यायला हवं होतं, म्हणून भटांनी ती लिहिली. त्याहून मागे गेलं तर गालिबच्या पत्रांत मुन्शी हरगोपाल तफ्ता या शागिर्दाचे शेर दुरुस्त केलेले वाचायला मिळतात. उर्दूत या दुरुस्तीला इस्लाह म्हणतात. उस्ताद ओळ बदलून देतो, आणि का बदलली तेही सांगतो. 'का' सांगितलं नाही तर ती नुसती दुरुस्ती होते, शागिर्दाच्या हाती काही लागत नाही.

यूजनेटवर दर सप्टेंबरात नवे विद्यार्थी यायचे, कारण तिकडे कॉलेजं तेव्हा उघडतात. आपल्याकडचा जून म्हणा. महिनाभर गोंधळ व्हायचा, मग नवी मंडळी रीतभात शिकून जुन्यांत मिसळायची. १९९३ नंतर मात्र घरगुती वर्गणीदारांना ही दारं उघडली गेली, आणि नवशिके बारा महिने येऊ लागले. जुन्या लोकांनी वैतागून त्याला न संपणारा सप्टेंबर असं नाव दिलं. त्यांचा वैताग मी समजू शकतो. मुशायऱ्यातही पहिल्या रांगेतल्या बुजुर्गांना नवा शायर लांबू लागला की असंच होतं. पण मला विचाराल तर शिकणाऱ्यांची रीघ संपू नये हेच बरं.

माझी भाची तालुक्याच्या गावी राहून कॉमर्स शिकली आणि प्रोग्रामिंग या अनोळखी लोकांकडून. २००८ साली जेफ ॲटवुड आणि जोएल स्पॉल्स्की यांनी स्टॅक ओव्हरफ्लो नावाची जागा सुरू केली. तिथं चांगलं उत्तर वर चढतं, वाईट खाली जातं, आणि उत्तर देणाऱ्याला गुण मिळतात. गुण म्हणजे नुसता आकडा, त्याचा रुपयाही होत नाही. २०१४ पासून फ्रीकोडकॅम्प आलं, तिथं पूर्ण अभ्यासक्रमच फुकट. क्विन्सी लार्सन या शिक्षकानं ते उभं केलं. आपल्या आयआयटी मुंबईत प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकारानं स्पोकन ट्युटोरियल नावाचा प्रकल्प सुरू झाला. दहा-दहा मिनिटांचे धडे, आणि त्यांपैकी अनेकांना मराठीसह इतर भारतीय भाषांतला आवाज दिलेला. तिथं प्रश्न विचारताना धड्याच्या कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला अडलात तेही नोंदवता येतं. शाळेत असताना ही सोय मला गणिताच्या तासाला हवी होती.

माझा स्वतःचा या जगाशी संबंध आला तो मात्रांमुळे. गझल लिहिताना मात्रा मोजाव्या लागतात. आयुष्यभर बोटांवर मोजल्या. मग वाटलं, हे काम यंत्राला का सांगू नये? भाचीनं पायथन ही भाषा सुचवली. गिडो व्हॅन रोसम यांनी ती १९९१ साली लोकांपुढे ठेवली आणि नवशिक्याला ती त्यातल्या त्यात सोपी जाते. मी 'नमस्ते' हा शब्द दिला आणि लांबी विचारली. यंत्र म्हणालं, सहा.

रेडिओवर आकृती काढून दाखवता येत नाही, म्हणून सावकाश सांगतो. डोळ्यांना 'नमस्ते'त तीन अक्षरं दिसतात. न, म आणि स्ते. छंदशास्त्राप्रमाणे मात्रा होतात पाच. 'न' लघु, त्याची एक. 'म' लघु, पण पुढच्या जोडाक्षराचा आघात त्यावर येतो म्हणून तो गुरू, त्याच्या दोन. 'स्ते'च्या दोन. लघु, गुरू, गुरू, म्हणजे यगण झाला. आणि यंत्राचे सहा कुठून आले? ते युनिकोडच्या हिशोबानं मोजतं. देवनागरीसाठी युनिकोडमध्ये १२८ जागांचा एक गट राखून ठेवला आहे. त्यात न, म, स, त यांना एकेक जागा आहे, पाय मोडण्याच्या खुणेला स्वतंत्र जागा आणि एकाराच्या मात्रेलाही स्वतंत्र जागा. चार व्यंजनं, एक हलन्त, एक मात्रा, मिळून सहा. तीन, पाच आणि सहा, तिन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर.

हे मला एका अनोळखी माणसानं समजावलं. त्याला मराठी येत नव्हतं. त्यानं आधी उत्तर दिलंच नाही. म्हणाला, एक लहानात लहान उदाहरण द्या. काय दिलं, काय मिळालं आणि काय मिळायला हवं होतं, एवढंच लिहा. मी लिहिलं. ते लिहितानाच निम्मा प्रश्न माझ्यापुढे उलगडला. प्रोग्रामर मंडळींत रबरी बदकाची एक गोष्ट सांगतात. अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस यांच्या १९९९ सालच्या पुस्तकातून ती प्रसिद्ध झाली. टेबलावर खेळण्यातलं बदक ठेवायचं आणि अडलेला प्रोग्राम त्याला ओळीओळीनं समजावून सांगायचा. सांगता सांगता चूक आपल्यालाच दिसते. कविता मोठ्यानं वाचली की जसा तिचा लंगडा पाय कळतो तसंच.

मग त्या गृहस्थांनी मला उलट विचारलं, तुमच्या भाषेत या आघाताच्या नियमाला अपवाद आहेत का? मी थक्क झालो. अपवाद आहेतच. 'पुन्हा' आणि 'तुझ्या' या शब्दांत पुढं जोडाक्षर असूनही 'पु' आणि 'तु' लघुच राहतात, कारण उच्चारताना तिथं आघात येत नाही. हे कान सांगतो, लिपी सांगत नाही. अशा शब्दांची यादी वेगळी करून प्रोग्रामला पुरवावी लागते. मराठीचा गंध नसलेल्या माणसानं नेमकं तिथंच बोट ठेवलं. याला मी उस्तादी म्हणतो.

आता सगळे असेच भले असतात असं मी म्हणणार नाही. नवख्याला तुसडं उत्तर मिळतं. हा प्रश्न आधी येऊन गेलाय, असा शिक्का मारून दार बंद केलं जातं. २०१८ साली स्टॅक ओव्हरफ्लोच्या चालकांनीच जाहीरपणे मान्य केलं, की नव्यांना, स्त्रियांना आणि इतर अनेकांना आपल्याकडे परकं वाटतं आणि हे बदलायला हवं. भाचीनं पहिला प्रश्न टाकायच्या आधी चार दिवस तो खोडून खोडून लिहिला होता. इंग्रजी चुकेल ही भीती, आणि हसतील ही त्याहून मोठी. हसलं कुणी नाही. एकानं तिचं इंग्रजी गुपचूप नीट केलं आणि खाली उत्तर लिहिलं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि चित्र पालटलं. आता प्रश्न माणसाला विचारायचं कारण उरलं नाही असं पुष्कळांना वाटतं. यंत्र रात्री दोनलाही जागं असतं आणि तुसडेपणा करत नाही. नवशिक्याला त्याचा उपयोग होतो, हे मी नाकारत नाही. सुरुवातीला, डिसेंबर २०२२ मध्ये, स्टॅक ओव्हरफ्लोनं अशी यंत्रलिखित उत्तरं आणून टाकायला बंदी घातली, कारण ती दिसायला नेटकी आणि बरेचदा चुकीची होती. पण लोकांचा ओघ वळलाच. तिथं येणाऱ्या नव्या प्रश्नांची संख्या खूप घटली. मे २०२४ मध्ये त्याच संस्थेनं चॅटजीपीटी बनवणाऱ्या कंपनीशी करार जाहीर केला, तेव्हा काही जुन्या जाणत्यांनी रागानं आपली उत्तरं पुसायला घेतली. संस्थेनं ती पूर्ववत केली. नियमानं पाहिलं तर उत्तरं सर्वांच्या वापरासाठी खुली करूनच दिलेली होती, लिहिणाऱ्याचं नाव सांगावं ही त्यातली एक अट. राग त्या नावाचा होता. यंत्राच्या उत्तरात बहुधा कुणाचंच नाव नसतं, आणि ते उत्तर ज्यांच्या लिहिण्यातून आलं ती माणसं तर अजून जिवंत आहेत.

आणि आता ते मघाचं, बाकीच्यांनी वाचण्याचं. भाचीनं विचारलेला एक प्रश्न पुढची कितीतरी वर्षं कुणाकुणाच्या उपयोगी पडत राहतो. तिला स्वतःला जी उत्तरं सापडली ती कुणीतरी दहा वर्षांपूर्वी अडला होता म्हणून सापडली. यंत्राशी केलेला संवाद मात्र ज्याचा त्याच्यापाशी राहतो. आजच्या रात्री अडलेल्याची गाठ सुटेल, पण उद्या येणाऱ्यासाठी रस्त्यावर खूण राहणार नाही. उद्याच्या यंत्रांना तरी नवं काही कुठून वाचायला मिळेल, हा प्रश्न जाणकार आताच विचारू लागले आहेत.

मराठीपुरतं सांगायचं तर आपल्याकडे या खुणा आधीच थोड्या. स्टॅक ओव्हरफ्लोच्या पोर्तुगीज, स्पॅनिश, रशियन आणि जपानी अशा वेगळ्या आवृत्त्या निघाल्या. मराठीची नाही, हिंदीचीही नाही. मराठी माध्यमातलं पोर आधी प्रश्नाचं भाषांतर करतं आणि मग विचारतं. भाची हल्ली रविवारी सकाळी बसून शिकणाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं लिहिते. मराठीतून कुणी विचारलं तर आधी मराठीत लिहिते, मग तेच इंग्रजीत, म्हणजे मागून येणाऱ्या दोघांनाही सापडावं. एकच काम पुन्हा पुन्हा करवून घेण्याला प्रोग्रामिंगमध्ये लूप म्हणतात. मी त्याला 'आवर्तन' हा शब्द सुचवला. ती म्हणते, "मामू, लूपच राहू द्या. पोरांना तेच कळतं." यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.