नाकतोड्याची बाजू

नाकतोडा सापडला की त्याच्या तंगडीला दोरा बांधायचा, हा आमच्या खटाव तालुक्यात पोरांचा हक्कच समजला जातो. मीही तो बजावला आहे. पुढे दोरा सुटला आणि हातात औषधाचा पंप आला. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात परड्यातल्या घेवड्याची पाने कुरतडलेली दिसली, म्हणून शेतातले उरलेले औषध मी तिथे मारले. दुसऱ्या दिवशी मेलेले नाकतोडे आजीच्या कोंबड्यांनी वेचून खाल्ले. दुपारी त्यातल्या दोघींनी माना टाकल्या. आजी रागावली नाही. एवढेच म्हणाली, "पानं परत फुटली असती रं."

तेव्हापासून मी नाकतोड्याकडे नीट पाहू लागलो.

वास्तविक हा मोठा नवलाचा प्राणी आहे. त्याचे कान डोक्यावर नसून पोटाच्या पहिल्या वलयावर, दोन्ही बाजूंना असतात. मादी पोटाचे टोक जमिनीत खुपसून फेसाच्या आवरणात अंडी घालते. बाहेर पडणाऱ्या पिल्लांना पंख नसतात. पाच-सहा वेळा कात टाकल्यावर ते पूर्ण वाढतात. शिक्षणासाठी मी सांगलीला येतो, तेव्हा वाटेत विट्याच्या बाजूला माळावर रुईची झुडपे दिसतात. गुरे रुईला सहसा तोंड लावत नाहीत. पण पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा एक देखणा नाकतोडा तिच्याच पाल्यावर जगतो. त्याला छेडले तर तो अंगातून द्रव फवारतो. निसर्गाने त्याला स्वतःचा पंप दिला आहे म्हणा ना!

नाकतोडा पाला खातो हे खरे. पण त्या पाल्याचे तो मांस करतो आणि त्यावर कितीतरी जीव पोसले जातात. चरणाऱ्या म्हशीमागे गायबगळे का हिंडतात? तिच्या पायांनी उडालेले किडे टिपायला. साळुंकीच्या शास्त्रीय नावातील 'ॲक्रिडोथेरिस' या शब्दाचा अर्थच मुळी 'टोळांची शिकार करणारी' असा आहे. १७६२ साली मॉरिशस बेटावर टोळांच्या बंदोबस्तासाठी भारतातून साळुंक्या नेल्या होत्या. बागेत विष मारून आपण किडा मारतो, आणि त्याला खाणाऱ्या आपल्या मित्रालाही मारतो.

कोणी म्हणेल, टोळधाड विसरलास काय? मे २०२० मध्ये अमरावती, वर्धा, नागपूर भागात टोळधाड आली होती, ती वाळवंटी टोळांची. हा टोळ एरवी एकेकटा राहतो. गर्दी वाढली की त्याचा रंग आणि स्वभाव पालटतो व थवे बनतात. ही उपपत्ती उवारोव्ह या शास्त्रज्ञाने १९२१ साली मांडली. परड्यातले दहा-वीस नाकतोडे म्हणजे टोळधाड नव्हे. भात, ऊस, ज्वारी यांवर काही जातींचा उपद्रव होतो, हे शेतकऱ्याच्या मुलाने नाकारू नये. तिथेही बांध तासले, जमीन नांगरली की अंडी उघडी पडतात आणि ऊन व पाखरे पुढचे काम करतात.

बागेसाठी तर याहून सोपे उपाय आहेत. कोवळ्या रोपांवर जुनी मच्छरदाणी अंथरावी. पहाटेच्या गारव्यात नाकतोडा सुस्त असतो. तेव्हा त्याला हाताने उचलून बाजूच्या गवतात सोडावे. त्यासाठी बागेचा एक कोपरा गवताला मोकळा ठेवावा.

वाचकहो, आपण झाडे लावा म्हणतो, पाखरांसाठी पाण्याची भांडी टांगतो. पण पाखराच्या पिल्लाला नुसते पाणी पुरत नाही. त्याच्या चोचीत कोणीतरी किडा घालावा लागतो. तो किडा आपल्या बागेत शिल्लक हवा.

यंदा आमच्या घेवड्याच्या पानांना पुष्कळ भोके पडली. शेंगाही आल्या. आजीने नव्या कोंबड्या पाळल्या आहेत, आणि परड्यात पंप न्यायला मला बंदी आहे. ती मी आनंदाने पाळतो.