दोन खिशांवर चालणारा ट्रक

नगरच्या रस्त्याला लष्करी ताफ्याच्या मागे सापडलं, की बराच वेळ एकाच ट्रकचं बूड बघत बसावं लागतं. तेवढ्या वेळात दोन गोष्टी न्याहाळून घ्याव्यात. मागच्या चाकांच्या मधोमध डिफरन्शियलचा गोळा असतो, तो पांढराशुभ्र रंगवलेला दिसेल आणि त्यावर उजेड पाडणारा एक बारकासा दिवाही दिसेल. रात्री हेडलाइट बंद ठेवून चालायची वेळ आली, तर मागच्या चालकाने तेवढा पांढरा गोळा धरून अंतर राखायचं. दुसरी गोष्ट नंबरपाटी. सुरुवातीला वर तोंड केलेला बाण आणि त्याच्यापुढे दोन आकडे. ते दोन आकडे म्हणजे लष्कराने गाडी घेतली ते साल. ताफा लांबलचक असेल तर सालं वाचत जावीत. एका ट्रकचा चालक दुसऱ्या ट्रकपेक्षा वयाने लहान असू शकतो, हे कळायला फार वेळ लागत नाही.

रणगाड्यावर लेख निघतात, विमानावर निघतात. ट्रकवर कोणी लिहीत नाही. लष्कराच्या भाषेत चिलखती वाहनं ती ‘ए’ वाहनं, आणि ट्रक, जीप, पाण्याचे टँकर ही सगळी ‘बी’ वाहनं. ही वर्गवारी जुनी आहे, पण पैसे वाटायची वेळ आली की ती जणू पसंतीक्रमासारखी वाटायला लागते.

जवानांच्या बोलण्यात ट्रकला क्वचितच ट्रक म्हणतात. ‘वन टन’, ‘थ्री टन’, नाहीतर सरळ नाव: शक्तिमान, जोंगा, स्टॅलियन. यातलं शक्तिमान हे नाव दूरदर्शनवरच्या मालिकेच्या कितीतरी आधीचं. स्वातंत्र्यानंतर आपलं सैन्य दुसऱ्या महायुद्धातल्या डॉज आणि शेव्हरोलेंवर चालत होतं. त्या गाड्यांचे सुटे भाग परदेशातून यायचे आणि परकीय चलन तर नव्हतंच. कृष्ण मेनन संरक्षणमंत्री असताना जर्मनीच्या मान कंपनीशी करार झाला आणि 1959 मध्ये जबलपूरच्या गन कॅरिज फॅक्टरीत शक्तिमान बाहेर पडू लागला. तोफांचे गाडे बनवणारा 1904 चा कारखाना ट्रक जोडू लागला, याची तेव्हा टिंगलही झाली. दारूगोळ्याच्या कारखान्यांत कॉफीची यंत्रं बनतात, असे टोमणे विरोधक मारत होते आणि शक्तिमान त्याच टोमण्यांच्या काळात जन्माला आला.

1962 च्या पराभवानंतर यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री, हे आपल्याला पाठ आहे. त्या हिमालयात शिधा आणि दारूगोळा वर न्यायचा कशाने, हा प्रश्न मात्र त्या वाक्यात मावत नाही. सीमा सडक संघटना नुकतीच, 1960 मध्ये स्थापन झाली होती. रस्ते होत होते, त्यांवर चालायला गाड्या हव्या होत्या. 1969 मध्ये जबलपूरला ट्रकांसाठी स्वतंत्र व्हेईकल फॅक्टरी उभी राहिली. शक्तिमानबरोबर निस्सानच्या परवान्यावरची वन टन आणि जोंगाही जबलपूरचीच. (जुनी जोंगा हौसेने घेऊन रांचीच्या रस्त्यावर फिरवणारा महेंद्रसिंह धोनी ज्यांनी टीव्हीवर पाहिला, त्यांना ती गाडी वेगळी सांगायला नको.)

शक्तिमान 1996 पर्यंत बनत राहिला. लांब नाक, चौकोनी बोनेट, वजनदार स्टिअरिंग. सदतीस वर्षांत बाहेरच्या जगात ट्रकांच्या दोन-तीन पिढ्या उलटल्या. म्हणून शक्तिमानकडे मागासलेपणाचा नमुना म्हणून बोट दाखवायची पद्धत आहे. मला ते अर्धंच पटतं. सदतीस वर्षं एकच ट्रक बनवण्याचा फायदा असा, की तवांगच्या वाटेवर बंद पडलेल्या गाडीचा भाग जैसलमेरच्या गाडीला बसतो. मेकॅनिक एकदा शिकला की निवृत्त होईपर्यंत तेच इंजिन खोलतो. कोठारात एकाच जातीचा गिअर ठेवायचा, दहा जातींचे नाही. गरीब सैन्याने केलेली ही मोठीच बचत होती. तिचा हिशेब कोणी मांडला नाही, कारण न झालेला खर्च कुठल्याच रकान्यात येत नाही.

ट्रक दिसतो एक, पण लष्करात त्याला तीन धनी. विकत घेणार आणि सुटे भाग पुरवणार ऑर्डनन्स कोअर. मोठ्या प्रमाणावर माल वाहून नेणार आर्मी सर्व्हिस कोअर. दुरुस्त करणार ईएमई, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनीअर्सची कोअर. शिवाय प्रत्येक पलटणीकडे स्वतःच्या गाड्या आणि त्यांचा एमटी, म्हणजे मोटर ट्रान्सपोर्ट, विभाग असतोच. चालकाच्या दिवसाला या गाडीभोवतीची शिस्त असते: निघण्यापूर्वी फर्स्ट पॅरेड, वाटेत थांबल्यावर हॉल्ट पॅरेड, परतल्यावर लास्ट पॅरेड. पॅरेड इथे माणसांची नव्हे, गाडीची. तेल, पाणी, बेल्ट, चाकांचे नट, हवा. थांब्यावर हाताचा तळवा हबवर ठेवून पाहायचा. चटका बसला तर बेअरिंग किंवा ब्रेक बोलतोय असं समजायचं. झालेला प्रवास ‘कार डायरी’त चढवायचा, मग गाडी कार असो की पाच टनी ट्रक. ही सगळी कामं फुकट होतात आणि गाडीचं आयुष्य खरोखर इथेच वाढतं किंवा घटतं. मोठ्या दुरुस्तीला फील्ड वर्कशॉप, त्याच्याही पलीकडचं काम बेस वर्कशॉपकडे. तिथे वाहन पार सांगाड्यापर्यंत सोडवून पुन्हा जोडतात. अशा आठ बेस वर्कशॉपपैकी एक, 512 क्रमांकाचं, आपल्या खडकीत आहे.

आता पैशाकडे येऊ. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. संरक्षणाच्या अंदाजपत्रकात दोन खिसे असतात, महसुली आणि भांडवली. नवा ट्रक भांडवली खिशातून येतो. त्यासाठी ‘जड व मध्यम वाहने’ असं स्वतंत्र शीर्षही आहे. जुन्या ट्रकचे सुटे भाग, टायर, डिझेल आणि मेकॅनिकचा पगार महसुली खिशातून जातो. घरात एकाने फ्रिज घ्यायचा आणि विजेचं बिल दुसऱ्याने भरायचं ठरलं, तर जुना फ्रिज कधीच बदलला जात नाही, तसंच हे. जो खरेदी पुढे ढकलतो त्याची बचत लगेच दिसते. ज्याच्या माथी दुरुस्ती पडते त्याची चणचण दोन-चार वर्षांनी दिसते, आणि तोवर आधीचा अधिकारी बदलून गेलेला असतो. माझ्या मते लष्करी ट्रकांच्या सगळ्या रडकथेचं मूळ इथे आहे. पैसे कमी आहेत हे खरंच. पण आहेत ते दोन वेगवेगळ्या डोळ्यांनी बघितले जातात.

भांडवली खिशातही ट्रकचा नंबर शेवटी लागतो. 2018 मध्ये लष्कराच्या उपप्रमुखांनी संसदेच्या स्थायी समितीपुढे साक्ष दिली होती. लष्कराकडची 68 टक्के सामग्री जुनाट वर्गात मोडते, असं त्यांनी सांगितलं. आधुनिकीकरणासाठी त्या वर्षी 21,338 कोटी रुपये मिळाले होते आणि आधीच करार झालेल्या 125 योजनांचे हप्तेच 29,033 कोटींचे होते. हप्तेच भागत नाहीत तेव्हा नवीन काय घ्यायचं? अशा वेळी तोफ, क्षेपणास्त्र आणि ट्रक एका ओळीत उभे केले, तर कोणाला थांबायला सांगतील हे सांगायला ज्योतिषी नको. ट्रक चालतोय ना, मग चालू दे.

चालू दे म्हटल्यावर जे होतं ते असं. एका गाडीला भाग मिळत नाही, म्हणून शेजारी बंद पडलेल्या गाडीचा काढून बसवतात. त्या दिवशी एक गाडी चालू होते आणि दुसरी कायमची बसते. कागदावर मात्र दोन्ही गाड्या युनिटच्या ताब्यात असतात. हातात किती ट्रक आहेत या आकड्याला म्हणूनच फारसा अर्थ नसतो. सकाळी सहाला किती सुरू होतात, तो आकडा खरा.

दुसरा घोळ वयाचा. समजा साठ हजार ट्रकांचा ताफा आहे आणि एक ट्रक पंधरा वर्षं चालतो. तर दरवर्षी चार हजार नवे घेतले पाहिजेत, न चुकता. प्रत्यक्षात खरेदी अशी सरळ रेषेत होत नाही. संकट आलं की एकदम भरती, मग कित्येक वर्षं हात आखडता. एकदम घेतलेल्या गाड्या एकदम म्हाताऱ्या होतात. कारखान्याचीही तीच गत. एका वर्षी जादा पाळ्या, तर पुढच्या वर्षी कामगार रिकामे.

शक्तिमाननंतर जबलपूरला दोन नवे ट्रक बनू लागले, दोन्ही खासगी कंपन्यांच्या तंत्रज्ञानावर: अशोक लेलँडचा पाच टनी स्टॅलियन आणि टाटांचा अडीच टनी एलपीटीए. आज रस्त्यावर दिसतो तो बहुधा स्टॅलियनच; सपाट तोंडाचा, कॅबिन इंजिनाच्या वर. पण कंपनी स्वतः जो ट्रक बनवते तो सरकारी कारखान्यात पुन्हा जोडायचा कशाला, हा प्रश्न वाढत गेला. 2017 मध्ये सरकारने 275 वस्तू ‘नॉन-कोअर’ ठरवल्या, म्हणजे लष्कराने त्या सरळ बाजारातून घ्यायला हरकत नाही. जबलपूरचे ट्रकही त्या कात्रीत सापडले. कामगार रस्त्यावर आले, आणि त्यांचं भय अनाठायी नव्हतं; ज्या शहराच्या दोन पिढ्या ट्रक जोडण्यावर जगल्या, त्याला अकार्यक्षमतेचे कोष्टक दाखवून समजूत पटत नाही. 2021 च्या 1 ऑक्टोबरला हे सरकारी कारखाने चालवणारं ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्डच मोडीत निघालं, त्याच्या सात कंपन्या झाल्या आणि जबलपूरची व्हेईकल फॅक्टरी आर्मर्ड व्हेईकल्स निगमकडे गेली.

टाट्रा ट्रकांची गोष्ट इथे थोडक्यात. 1986 पासून बीईएमएल या सरकारी कंपनीमार्फत हे मूळ चेक ट्रक येत राहिले. मधल्या नळीसारख्या कण्यावर प्रत्येक चाक सुटं डोलतं, त्यामुळे खाचखळग्यांत ते उत्तम. पिनाकाचे रॉकेट त्यांच्याच पाठीवर चढवले. पण पुरवठादार एकच, आणि स्टिअरिंग डावीकडे ते डावीकडेच राहिलं. 2012 मध्ये तत्कालीन लष्करप्रमुखांनी आपल्याला लाच देऊ केल्याचा जाहीर आरोप केला, चौकशा लागल्या, खरेदी थंडावली. आरोपांचं काय व्हायचं ते होवो. एकाच दुकानावर विसंबण्याची किंमत मात्र ताफ्याने मोजली. 2015 मध्ये टाटा मोटर्सला सहा चाकी ओढीच्या 1,239 ट्रकांचं, सुमारे 900 कोटींचं काम मिळालं, तेव्हा ही कोंडी थोडी फुटली.

आपल्याकडे असं कंत्राट मिळवणं सोपं नसतं. ‘नो कॉस्ट, नो कमिटमेंट’, म्हणजे कंपनीने गाड्या स्वतःच्या खर्चाने आणायच्या, राजस्थानच्या वाळूत आणि लडाखच्या थंडीत चालवून दाखवायच्या, आणि वर कामाची हमी नाही. अहिल्यानगरजवळच्या वाहननगरात डीआरडीओची व्हीआरडीई ही संस्था आहे. तिच्या चाचणीपथांवर वाहनांची कसून तपासणी होते.

खरी परीक्षा लडाखातच. जोजिला बंद व्हायच्या आत हिवाळ्याचा साठा वर पोहोचला पाहिजे. खारदुंगलासारख्या खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा असतो. इंजिनाला श्वास पुरत नाही, चढ दुसऱ्या गिअरवर घुरघुरत काढायचा, आणि उतरताना ब्रेक तापतात. साधं डिझेल कडाक्याच्या थंडीत मेणासारखं गोठतं. टाकीखाली जाळ करून ते पातळ करायची जोखीम डोंगरातले ट्रकवाले घेत आले. 2019 च्या नोव्हेंबरात इंडियन ऑइलने उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल लडाखला आणलं. आधुनिकीकरण म्हटलं की नवा ट्रक डोळ्यांपुढे येतो. पण जुन्याच टाकीत ओतलेलं हे डिझेलही आधुनिकीकरणच, आणि कितीतरी स्वस्त. तीच गोष्ट भाड्याच्या ट्रकांची. साठ्याच्या हंगामात लष्कर मोठ्या संख्येने खासगी ट्रक भाड्याने घेतं, म्हणजे स्वतःच्या गाड्यांची झीज वाचते. मात्र गोळीबाराच्या टप्प्यात, शेवटच्या कच्च्या वाटेवर, भाड्याचा ट्रक पाठवता येत नाही. तिथे बाणवाल्या पाटीचाच ट्रक जातो.

गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्यांनी 2016 मध्ये लेफ्टनंट जनरल द. ब. शेकटकर यांची समिती नेमली. आहे त्याच पैशात लढाऊ ताकद कशी वाढवायची, हे तिने सांगायचं होतं. वर्तमानपत्रांत गाजल्या त्या लष्करी डेअऱ्या बंद करण्याच्या शिफारशी. पण बेस वर्कशॉपांची पुनर्रचना, वाहनांच्या डेपोंची फेरमांडणी आणि पुरवठा-वाहतुकीच्या तुकड्यांचा नीट वापर हेही शिफारशींमध्ये होतं, आणि 2017 च्या ऑगस्टमध्ये सरकारने ते मान्य केलं. बेस वर्कशॉप सरकारच्या मालकीचं ठेवून चालवायला खासगी कंपनीकडे द्यायचं, असाही प्रस्ताव पुढे आला. कागदावर हे पटतं. पण ईएमईचा जवान आज बेस वर्कशॉपमध्ये इंजिन खोलतो आणि उद्या तोच सीमेवरच्या वर्कशॉपमध्ये असतो. शांततेत हात बसवायला जागाच उरली नाही, तर तो तिकडे जाऊन शिकणार कशावर?

2022 मध्ये लष्कराने विजेवरच्या वाहनांचा आराखडा जाहीर केला. शांत ठाण्यांवरच्या हलक्या गाड्यांपैकी 25 टक्के, बस 38 टक्के आणि मोटारसायकली 48 टक्के विजेवर आणायच्या. त्या आकड्यांत मालवाहू ट्रक नाही. पुढच्या वर्षी अशोक लेलँडला तोफा ओढणाऱ्या ट्रकांचं सुमारे 800 कोटींचं काम मिळालं, ते डिझेलवरचेच.